परक्या गाभाऱ्यातील पाहुणा

१

मराठी प्रवासवर्णनाने गेल्या शतकात मराठी वाचकाला घराच्या उंबऱ्याबाहेर नेले आणि पुष्कळ दूरवर नेले. गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे', पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई', मीना प्रभू यांचे 'रोमराज्य' ही नावे या संदर्भात सहज आठवतात. या थोर लेखकांच्या मागोमाग जे विपुल प्रवासलेखन झाले, त्यात मात्र युरोपातील चर्चवास्तूंना एक ठरीव जागा मिळाली. प्रवासी रोमला, फ्लॉरेन्सला किंवा सेव्हिलला जातो. भव्य प्रवेशद्वारातून आत शिरतो. मान वर करून छताकडे पाहतो. शिल्पकाराचे नाव, बांधकामाचे साल आणि घुमटाची उंची टिपून घेतो. आणि बाहेर येऊन पुढच्या स्थळाकडे वळतो. त्याच वेळी त्याच वास्तूच्या एका कोपऱ्यात कोणी म्हातारी मेणबत्ती लावून गुडघे टेकून बसलेली असते. वर्णनात ती आलीच तर चित्रातील एक आकृती म्हणून येते. तिचे आणि प्रवाशाचे डोळे एकाच वेदीकडे लागलेले असतात, परंतु ती दोघे एकच गोष्ट पाहत असतात असे म्हणवत नाही.

या विसंगतीतून जो प्रश्न उभा राहतो तो वरवर सौंदर्यशास्त्राचा आहे, पण मुळात नीतीचा आहे. ज्या श्रद्धेपोटी एखादी कला जन्माला आली ती श्रद्धा ज्याच्यापाशी नाही, त्याने ती कला पाहावी कशी? तिच्याकडे केवळ सौंदर्य म्हणून पाहणे हा तिचा सन्मान, की एक सभ्य स्वरूपाची अवज्ञा? श्रद्धेवाचून ती दिसतच नसेल, तर कॅथलिक देशांतील एवढ्या यात्रेचा अर्थ तरी काय? पाहणे ही कृती निरुपद्रवी मानण्याची सवय सर्वांनाच आहे. वस्तुतः पाहणे हेही एक वर्तन आहे, आणि प्रत्येक वर्तनाप्रमाणे ते योग्य वा अयोग्य असू शकते.

२

या प्रश्नाच्या विचारासाठी रोमपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. कॅथलिक युरोपात प्रवासी ज्या गोष्टींच्या शोधात हिंडतो, त्यांतील बहुतेक सर्व म्हैसूर येथील सेंट फिलोमिना कथीड्रलमध्ये एका छपराखाली आढळतात. नवगॉथिक शैलीतील या वास्तूचा आराखडा डॅली नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने केला. तिचा तलविन्यास क्रुसाच्या आकाराचा आहे. सुमारे १७५ फूट उंचीची जुळी शिखरे जर्मनीतील कलोनच्या कथीड्रलची आठवण करून देतात. आतील रंगीत काचचित्रे फ्रान्समधून आणलेली असून त्यांत ख्रिस्ताचा जन्म, बाप्तिस्मा, अखेरचे भोजन, क्रुसारोहण आणि पुनरुत्थान हे प्रसंग चितारले आहेत. तळघरात संत फिलोमिनेची पहुडलेली मूर्ती आहे आणि तिच्या सन्निध तिचा मानला जाणारा अवशेष आहे.

या कथीड्रलची कोनशिला २८ ऑक्टोबर १९३३ रोजी बसविली गेली, आणि ती बसविणारे हात एका हिंदू राजाचे, म्हैसूरनरेश चौथे कृष्णराज वडियार यांचे होते. त्यांचे सचिव तंबू चेट्टी हे कॅथलिक होते आणि संतेचा अवशेष त्यांच्याच खटपटीने म्हैसूरला आला. याच जागी १८४३ मध्ये तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या कारकिर्दीत एक लहान चर्च उभारले गेले होते. त्या चर्चचा जो शिलालेख पुढे सापडला, त्यात प्रारंभी प्रकाशाचे विश्व, हा मर्त्यलोक आणि भूतमात्र निर्माण करून त्यांचे पालन करणाऱ्या एकमेव ईश्वराचे नाव घेतले आहे, आणि मग ख्रिस्ताच्या अवतारापासून मोजलेले साल दिले आहे. या लेखातील पहिला भाग कोणत्याही भारतीय राजाच्या दानपत्रात शोभला असता. दुसरा भाग फक्त चर्चच्याच पायात बसू शकतो. दोन भाषा येथे शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि एकीने दुसरीला गिळलेले नाही.

फिलोमिनेची कथा तर या चर्चेच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. १८०२ मध्ये रोममधील प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत एक थडगे सापडले. त्यावरील तीन फरशा जशा होत्या तशा वाचल्या तर अर्थ लागत नव्हता. त्यांचा क्रम बदलताच 'फिलुमेना, तुला शांती लाभो' असा मजकूर निघाला. आतील अस्थी किशोरवयीन मुलीच्या होत्या. त्या १८०५ मध्ये नेपल्सजवळील मुन्यानो या गावी नेण्यात आल्या आणि तेथून तिची ख्याती सर्व कॅथलिक जगात पसरली. तिचे चरित्र म्हणून जे प्रसृत झाले ते मुख्यतः एका संन्यासिनीला झालेल्या दृष्टान्तांवर आधारलेले होते. फ्रान्समधील आर्स गावचे धर्मगुरू जाँ-मारी व्हिएन्ने यांच्यासारखा पुढे स्वतः संतपद पावलेला पुरुष तिचा निस्सीम भक्त होता. पुढे पुराणवस्तुसंशोधकांनी शंका उपस्थित केली की, त्या फरशा एका जुन्या थडग्यावरून काढून दुसऱ्यासाठी पुन्हा वापरलेल्या असाव्यात. म्हणजे नाव एकीचे आणि अस्थी दुसऱ्या कोणाच्या. अखेर १९६१ मध्ये रोमच्या आज्ञेने फिलोमिनेचे नाव उपासनेच्या दिनदर्शिकांतून वगळण्यात आले.

म्हैसूरच्या भाविकांनी यानंतर काय केले? ते येतच राहिले, आणि वास्तूचे लोकांच्या ओठावरचे नावही कायम राहिले. इतिहासाने ज्या नावाखालची भूमी काढून घेतली, त्या नावापुढे माणसे आपली दुःखे घेऊन अजून उभी राहतात. प्रवाशाला येथे दोन सोपे मार्ग दिसतात. एक, या साऱ्याला भाबडेपणा म्हणावे आणि काचचित्रे पाहून निघून जावे. दुसरा, 'श्रद्धेला इतिहास लागत नाही' असे एक गोड वाक्य उच्चारून तोच निघून जाण्याचा विधी अधिक शालीनपणे पार पाडावा. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे: त्या तळघरात जे काही मागितले जाते आणि दिले जाते, त्याच्याशी प्रवाशाचा संबंध येत नाही.

३

श्रद्धेला वगळून कला पाहता येते, नव्हे, कला म्हणून पाहताना श्रद्धेला वगळलेच पाहिजे, ही भूमिका आधुनिक सौंदर्यविचाराने प्रतिष्ठित केली. कांटच्या विवेचनाप्रमाणे सौंदर्याचा निवाडा हा वस्तूच्या अस्तित्वाविषयी, उपयोगाविषयी वा नैतिक मूल्याविषयी निरपेक्ष असतो. मराठीत रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात या विचाराचा साक्षेपी परामर्श घेतला. त्याआधी बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीची स्वायत्तता हिरिरीने मांडली होती. या भूमिकेचे ऋण मोठे आहे. तिच्यामुळेच हिंदू माणूस निःसंकोचपणे गॉथिक कमानीखाली उभा राहू शकतो आणि ख्रिस्ती माणूस वेरूळच्या कैलासापुढे स्तब्ध होऊ शकतो. पंथापंथांतील भिंतींना तिने एक दार पाडले.

परंतु त्या दारातून आत जाताना एक किंमत मोजावी लागते. राफाएलचे 'सिस्टिन मॅडोना' हे चित्र सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इटलीतील पिआचेन्झा येथील एका मठाच्या चर्चसाठी रंगविले गेले. वेदीवर, मिस्सेच्या वेळी, प्रार्थना करणाऱ्यांच्या समोर असावे म्हणून ते रंगविले होते. १७५४ मध्ये ते सॅक्सनीच्या शासकाने विकत घेऊन ड्रेस्डेनला नेले, आणि तेव्हापासून ते जगातील एक श्रेष्ठ चित्र झाले. 'झाले' हा शब्द येथे काळजीपूर्वक वापरला पाहिजे. चित्रातील एकही रेषा बदलली नाही. तरी वेदीवरील मारिया ज्यांना आशीर्वाद देण्यासाठी पावले टाकत येत होती, ती माणसे समोरून निघून गेली आणि त्यांच्या जागी प्रेक्षक आले. संग्रहालय वस्तूचा जीव वाचविते, आणि तिचा पत्ता बदलून टाकते. आंद्रे माल्रो या फ्रेंच विचारवंताने दाखवून दिले आहे की, मध्ययुगीन क्रूसमूर्ती घडविणाऱ्याला वा पुजणाऱ्याला ती 'शिल्प' वाटत नव्हती. ते नाव तिला आधुनिक काळाने दिले.

याच्या उलट टोकाची भूमिका अशी की, श्रद्धावंतालाच खरे दिसते. इतरांना फक्त रंग आणि दगड. ही भूमिका ऐकायला विनम्र वाटते, परंतु तिचा शेवट माणसामाणसांतील संवाद बंद पाडण्यात होतो. ती खरी असती तर ज्ञानेश्वरीचा आस्वाद वारकऱ्यावाचून कोणी घेऊ शकला नसता आणि दान्तेचे महाकाव्य कॅथलिकांवाचून कोणी वाचले नसते. भारतीय काव्यशास्त्रातील साधारणीकरणाची कल्पना येथे उपयोगी पडते. अभिनवगुप्ताच्या मते रसास्वादात भाव हा कोणा एकाचा राहत नाही. 'माझा', 'शत्रूचा', 'तटस्थाचा' ही बंधने गळून पडतात आणि सहृदय त्या भावाशी तन्मय होतो. सेंट पीटर्समधील मायकेलअँजेलोच्या 'पिएता'पुढे उभ्या असलेल्या मराठी स्त्रीला, मांडीवर मृत मुलगा घेऊन बसलेल्या आईचे दुःख समजण्यासाठी बाप्तिस्म्याची गरज पडत नाही.

तथापि साधारणीकरणही येथे पुरते पोहोचत नाही. त्या शिल्पातील शोक साधारण आहे. त्या देहाविषयीचा दावा साधारण नाही. श्रद्धावंताच्या दृष्टीने तो देह जगाच्या पापांसाठी दिलेला आहे, आणि त्याच देहाचा प्रसाद तो प्रत्येक मिस्सेत ग्रहण करतो. करुणरसाने भारावलेला प्रवासी या दाव्याला बगल देऊन पुढे जातो. 'आमच्याकडेही असेच आहे' हे त्याचे सांत्वनाचे वाक्य असते. अवशेषपूजा पाहिली की त्याला पालखीतील पादुका आठवतात, संतांच्या समाध्या आठवतात, बौद्ध स्तूपांतील धातू आठवतात. ही साम्ये खोटी नाहीत. पण पादुका या चाललेल्या पावलांची खूण आहेत. तर हुतात्म्याची अस्थी ही, त्या श्रद्धेप्रमाणे, शेवटच्या दिवशी पुन्हा उठणाऱ्या देहाचा अंश आहे. ज्या परंपरेत अस्थी नदीत सोडल्या जातात त्या परंपरेतील माणसाला ही कल्पना विचित्र वाटली पाहिजे. ती विचित्र वाटणे हेच समजुतीचे पहिले पाऊल आहे. साम्य फार लवकर सापडले की परके दिसेनासे होते.

४

परक्या श्रद्धेकडे पाहणाऱ्याची परीक्षा घेताना म्हैसूरच्या भूमीवर एक उलटा आरसाही सापडतो. कॅथलिक देशातून येथे आलेल्या एका प्रवाशाचा तो आहे. आबे द्युबुआ हा फ्रेंच मिशनरी १७९२ मध्ये भारतात आला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर तेथील विस्कळीत झालेल्या ख्रिस्ती समाजाची घडी बसविण्यासाठी तो म्हैसूर राज्यात आला. त्याने देशी वेष आणि शाकाहार स्वीकारला, लोकांत मिसळून राहिला, देवीच्या लसीचा प्रसार केला. हिंदूंच्या आचारांवर त्याने लिहिलेले बाड ईस्ट इंडिया कंपनीने १८०७ मध्ये दोन हजार होन देऊन विकत घेतले आणि ते पुढे युरोपात प्रमाणग्रंथ मानले गेले. त्यातील बराच भाग केर्दू या पूर्वीच्या जेझुइट मिशनऱ्याच्या हस्तलिखितावरून घेतलेला आहे, हे विसाव्या शतकातील संशोधनाने उघड केले.

द्युबुआने पुष्कळ पाहिले. सोवळे-ओवळे, संध्या, श्राद्ध, विवाह यांचे बारीकसारीक तपशील नोंदविले. परंतु ज्यांचे हे आचार होते त्यांना या आचारांतून काय मिळते, हा प्रश्न त्याच्या लेखी जवळजवळ उद्भवतच नाही. तीन दशकांच्या वास्तव्यानंतर १८२३ मध्ये तो मायदेशी परतला आणि हिंदूंचे ख्रिस्तीकरण अशक्य आहे असा निष्कर्ष त्याने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पत्रांत नोंदविला. वेष बदलून तो पाहुण्यासारखा राहिला, पण पाहिले मात्र न्यायाधीशासारखे. मराठी वाचकाला द्युबुआचा राग येणे स्वाभाविक आहे. मात्र तो राग प्रामाणिक ठरण्यासाठी त्याने स्वतःच्या प्रवासवर्णनांची पाने उलटून पाहावीत. लूर्दच्या झऱ्याशी रांगेत उभ्या असलेल्या आजारी माणसांविषयी, किंवा नेपल्समधील संताच्या द्रवणाऱ्या रक्ताविषयी मराठी प्रवासी जेव्हा मिस्कीलपणे लिहितो, तेव्हा तो नकळत द्युबुआच्याच खुर्चीत बसलेला असतो.

या खुर्चीतून उठण्याचा एक मार्ग फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाच्या उदाहरणात दिसतो. १५७९ मध्ये तो गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या काव्यात बायबलची कथा मराठी पुराणाच्या अंगाने सांगितली आहे. स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. आणि त्यातील मराठी भाषेची स्तुती आज प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक आहे. स्टीफन्सने केवळ लोकांचे कपडे घातले नाहीत. त्याने त्यांच्या छंदात आपला देव बोलता केला, आणि असे करताना त्याच्या देवालाही नवे शब्द शिकावे लागले. सतराव्या शतकातील त्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. हा ग्रंथ टिकला तो प्रामुख्याने हस्तलिखितांतून, मंगळूरच्या कॅथलिकांनी तो जपला म्हणून. तेथेच १९०७ मध्ये त्याची संपादित आवृत्ती निघाली. आणि हे मंगळूरचे कॅथलिक तेच, ज्यांना टिपूने १७८४ मध्ये बंदिवान करून म्हैसूरच्या शेजारी श्रीरंगपट्टणला नेले होते. मराठीतील एक अभिजात ग्रंथ ज्यांनी सांभाळला, त्यांच्या छळाची भूमी म्हैसूरच्या शिखरांपासून केवळ पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे.

५

येथे विचाराला एक अवघड वळण लागते. रोममधील चर्चने मराठी प्रवाशाचे काही बिघडविलेले नसते. म्हणून त्याची उदारता तेथे स्वस्त असते. गोव्यात ती तशी राहत नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टी आणि बारदेश येथील देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेली गेली. जे स्टीफन्सकडे पुराण मागायला आले, त्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती म्हणून ते मागत होते. 'ख्रिस्तपुराणा'च्या माधुर्यामागे ही पोकळी आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठविलेल्या, फोज्जिनीने घडविलेल्या देखण्या संगमरवरी चौथऱ्यावर विराजमान आहे. १५४६ च्या एका पत्रात याच झेवियरने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशनची मागणी केली होती. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये ती संस्था तेथे आली. आणि तरीही नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झालेल्या शवप्रदर्शनापर्यंत दर वेळी, 'गोंयचो सायब' म्हणून त्याच्या दर्शनाला येणाऱ्यांत हिंदूही मोठ्या संख्येने असत आले आहेत.

अशा ठिकाणी केवळ सौंदर्य पाहणारा माणूस पीडितांशी अन्याय करतो. केवळ अन्याय पाहणारा माणूस आज तेथे गुडघे टेकणाऱ्याशी अन्याय करतो. त्या भाविकाने कोणाचे देऊळ पाडलेले नाही. बहुधा तो त्या पाडलेल्या देवळाच्याच भक्तांचा वंशज आहे.

शिवाय हा हिशेब एकेरी नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आणल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे, तर वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. मराठी मनात या घंटांविषयी अभिमान आहे आणि त्याला ऐतिहासिक कारणही आहे. परंतु वसईच्या कॅथलिक मराठी माणसाने मेणवलीला उभे राहून ती आकृती पाहिली, तर तो काय पाहील? त्याच्या पूर्वजांना मिस्सेला बोलावणारा आवाज आता महादेवाला जागा करतो. ती लूट आहे, की आश्रय, की दोन्ही? ड्रेस्डेनमधील चित्राविषयी जो प्रश्न सहज विचारता येतो, तो मेणवलीच्या घंटेविषयी विचारताना जीभ अडखळते, आणि त्या अडखळण्यातच प्रश्नाची नैतिक बाजू उघडी पडते. घंटा देवळात सुखरूप राहिली, तिच्यावरील मारियेची आकृती कोणी घासून काढली नाही, हेही तितकेच खरे आहे. आणि न्यायाच्या दृष्टीने या वस्तुस्थितीलाही वजन आहे.

लोकांनी मात्र पंडितांची वाट पाहिली नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला गोव्यातील हिंदू शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, आणि दोन्ही ठिकाणच्या उत्सवांत तेलाची आणि फुलांची देवघेव चालत आली आहे. वांद्र्याची मोतमावली कोळी समाजाला कुळदेवतेइतकी जवळची आहे. येथे नाते जोडताना सिद्धान्तांची बेरीज केलेली नाही. लईराई लईराईच राहते, सायबीण सायबीणच राहते; फक्त दोघी बहिणी होतात. बहिणींची घरे वेगळी असतात, दैवके वेगळी असतात, आणि तरीही सणाला एकीकडून दुसरीकडे काही पाठवायचे असते. 'सर्व धर्म सारखेच' या विधानापेक्षा हे नाते अधिक शहाणे आहे, कारण त्यात वेगळेपणाचा नकार नाही.

आँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोमंतकीय चित्रकाराने हाच प्रश्न आतल्या बाजूने अनुभवला. शांतिनिकेतनात बंगाली परंपरेचे संस्कार घेऊन त्याने पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात आयुष्याचा मोठा काळ घालविला आणि साडी नेसलेली मारिया रंगविली. गोव्यातील अनेक कॅथलिकांना ती रुचली नाही. ज्यांच्यासाठी पवित्रतेचा चेहरा तीन-चार शतके युरोपीय राहिला होता, त्यांना शेजारणीसारखी दिसणारी देवमाता अपवित्र वाटली. जो स्वतःच्याच घरात पाहुणा ठरतो त्याची ही व्यथा आहे. कोणती गोष्ट 'आपली' आणि कोणती 'परकी' याची सीमा धर्माच्या सीमेवरून जात नाही, हे फोन्सेकाच्या चित्रांवरून कळते.

६

या सर्व उदाहरणांतून पाहणाऱ्याचे एक रूप हळूहळू स्पष्ट होते, आणि त्यासाठी मराठीत जुना, नेहमीचा शब्द आहे: पाहुणा. पाहुणा घराचा मालक नसतो. म्हणून तो देव्हाऱ्यातील मूर्ती हलवीत नाही. तो गिऱ्हाईक नसतो. म्हणून आपल्याला काय मिळाले याचा हिशेब लगेच मांडीत नाही. तो न्यायाधीशही नसतो, पण म्हणून आंधळाही नसतो: त्या घरात कोणावर अन्याय झाला असेल तर तो त्याला दिसतो, आणि योग्य वेळी तो बोलतोही. मुख्य म्हणजे पाहुण्याला परतफेडीचे बंधन असते. ज्याच्या घरी जेवलो त्याला कधीतरी आपल्या घरी बोलवावे लागते.

म्हैसूरची शिखरे ज्या कथीड्रलची आठवण करून देतात, त्या कलोनच्या वास्तूचे प्रयोजन या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. ११६४ मध्ये मिलानहून आणलेल्या, बेथलेहेमला गेलेल्या ज्ञानी पुरुषांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी योग्य ठिकाणी ठेवता याव्यात, म्हणून १२४८ मध्ये ते कथीड्रल बांधायला घेतले गेले. ते पूर्ण व्हायला १८८० साल उजाडले. मत्तयाच्या शुभवर्तमानात या पुरुषांविषयी फार थोडे सांगितले आहे. ते पूर्वेकडून आले. ताऱ्याच्या मागोमाग आले. सोने, ऊद आणि गंधरस त्यांनी अर्पण केला. बालकाला नमन केले. आणि वेगळ्या वाटेने आपल्या देशी परतले. परतल्यावर त्यांनी कोणता धर्म पाळला हे तेथे सांगितलेले नाही. ख्रिस्ती जगातील एक सर्वांत मोठी गॉथिक वास्तू, अशा रीतीने, परमुलुखातून आलेल्या पाहुण्यांच्या अस्थींवर उभी आहे.

त्या कथेतील दोन गोष्टी आजच्या प्रवाशाला उद्देशून असल्यासारख्या आहेत. पहिली, ते रिकाम्या हाताने आले नाहीत. दुसऱ्याच्या श्रद्धेपुढे जाताना काही घेऊन जावे लागते, आणि ते द्रव्यच असले पाहिजे असे नाही. वेळ, अभ्यास, मौन हेही अर्पण होऊ शकते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने कॅथलिक परंपरेचे अंतरंग मराठीतूनच मराठी वाचकापुढे उघडले आणि २०१३ चा साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार मिळविला. तरीही पुष्कळ मराठी प्रवासी विमानतळावर विकत घेतलेल्या मार्गदर्शिकेवर समाधान मानतात. घरचा दुभाषा उपलब्ध असताना त्याला न विचारणे हे रिकाम्या हाताने जाणेच होय.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. ते वेगळ्या वाटेने परतले. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने, त्याच मनाने परत आलो तर प्रवास झाला, पाहणे झाले नाही. सेव्हिलच्या मिरवणुकीत रात्रभर उभा राहिलेला आणि तिच्यावर भारावून लिहिणारा माणूस आपल्या गल्लीतील नाताळच्या प्रार्थनेने, वा मोहरमच्या ताबुताने, त्रासून जात असेल, तर त्याने सेव्हिलला काय पाहिले? परक्या गाभाऱ्यातील वर्तनाची परीक्षा त्या गाभाऱ्यात होत नाही. ती स्वतःच्या दारात होते. हीच कसोटी कॅथलिक प्रवाशालाही लागू आहे: १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा अव्हेर न करण्याची भूमिका घेतली, तेव्हा एका मोठ्या यजमानाने आपणही पाहुणा असल्याचे मान्य केले.

फिलोमिनेच्या तळघरातील प्रश्नाचे उत्तर यापेक्षा अधिक खुलासेवार देता येईल असे नाही. ती अस्थी कोणाची आहे हे ठरविण्याचे काम इतिहासाचे आहे, आणि इतिहासाने ते निर्भयपणे करीत राहिले पाहिजे. श्रद्धेच्या भिडेने त्याने शब्द मागे घेऊ नयेत. तिच्यापुढे ठेवलेले दुःख खरे की खोटे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र इतिहासालाही नाही आणि प्रवाशालाही नाही. नाव संशयास्पद असू शकते. एका अल्पवयीन मुलीचे शरीर रोमच्या भूमीखाली कोणीतरी प्रेमाने ठेवले होते, तिच्यासाठी शांती मागितली होती, आणि सतरा-अठरा शतकांनी, हजारो कोस दूर, कावेरीच्या मुलुखात, दुसऱ्या धर्माच्या राजाने तिच्या घराची कोनशिला बसविली, हे घडले आहे. कृष्णराज वडियार फिलोमिनेचे भक्त नव्हते. दुसऱ्याच्या श्रद्धेला जागा लागते एवढेच त्यांनी ओळखले आणि ती दिली. पाहणाऱ्याकडूनही याहून वेगळी अपेक्षा नाही: जे आपले नाही त्याला आपल्या मनात, त्याच्या पूर्ण उंचीसह, उभे राहण्यापुरती जागा द्यावी.